पाणी वानचं, व्हॉल्व्ह गावचा

संग्रामपूर तालुक्यातल्या आमच्या गावात विहीर होती, मोटार होती, टाकीही होती. पिण्याजोगं पाणी तेवढं नव्हतं. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. बोअर खोल नेलं तरी पाणी खारटच. तुरीची डाळ त्यात धड शिजत नाही, गुंडावर पांढरा थर बसतो. या भागात किडनीच्या आजारानं माणूस गेलेली घरं गावोगावी सापडतात. ज्याला परवडेल तो कॅनचं पाणी विकत घ्यायचा, बाकीचे खारंच प्यायचे.

संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांसाठी वान धरणावरून १४० गावांची योजना आली, तेव्हा गावाची योजना त्यात मिसळायची का, हा प्रश्न ग्रामसभेपुढे आला. पाणीपुरवठा समितीत मी होते. सातपुड्यातून येणारं वानचं पाणी गोडं, त्यामुळे माझं मत आधीच ठरलं होतं. पण विरोध करणाऱ्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. एक म्हातारे आजोबा म्हणाले, "आपली मोटार बिघडली तं आपण दुरुस्त करतो. तिकडची पाइपलाइन फुटली तं कोणाच्या दारी जायाचं?"

प्रादेशिक योजनांची दुखणी सगळ्यांना माहीत आहेत. वरची गावं व्हॉल्व्ह उघडे ठेवतात आणि शेपटाकडच्या गावाची टाकी भरत नाही. दहा गावांची पाणीपट्टी थकली, वीजबिल तटलं, की नियमित भरणारं अकरावं गावही कोरडं राहतं. शिवाय धरण एकच. पलीकडे अकोला जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्याचे शेतकरी वानच्या पाण्यावर ओलीत करतात. तेच पाणी पिण्याच्या नव्या योजनांकडे वळवायला त्यांचा विरोध आहे. आपली तहान खरी, तसं त्यांचं पीकही खरं.

तरीही एकट्या गावाला धरणापर्यंत पाइपलाइन नेता येत नाही, शुद्धीकरण केंद्र चालवता येत नाही. जलजीवन मिशननं २०१९ साली माणशी रोज ५५ लिटरचा निकष घालून दिला. तेवढं पाणी आमची विहीर कदाचित देईलही, पण ते खारं. नळ घरात आला म्हणून पाणी गोडं होत नाही.

अखेर आम्ही प्रश्नाची फोड केली. धरण, शुद्धीकरण आणि मोठी पाइपलाइन सामाईक असावी. गावातलं वाटप, वसुली आणि व्हॉल्व्हमन गावाचा राहावा. वेशीवर मीटर हवा, म्हणजे आलं तेवढ्याच पाण्याचं बिल मागता येईल आणि शेजारच्या गावाची थकबाकी आमच्या माथी येणार नाही. गावांच्या शिखर समितीत शेपटाकडच्या गावांना जागा हवी. जुनी विहीर मोडायची नाही. ढोरांना, धुण्याभांड्यांना ती लागतेच. या अटींसह ठराव झाला. आजोबांनीही हात वर केला.

वेशीवरच्या मीटरसाठी मात्र आम्हाला पुष्कळ खेटे घालावे लागले आणि त्या काळात बिलावरून वादही झाले. म्हणून एकत्र येऊ पाहणाऱ्या गावांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पाण्याआधी हिशेब वेगळा करून घ्या. कोणाचं किती पाणी, कोणाकडे किती थकबाकी आणि पाणी तुटलं तर जबाबदार कोण, हे कागदावर आल्याशिवाय जुळणीचा खड्डा खणू देऊ नका.