जावक नोंद

सरकारी कचेरीत ज्याने उमेदीची वर्षे घालवली, त्याला आवक-जावक नोंदवहीचे माहात्म्य वेगळे सांगावे लागत नाही. जावक झालेल्या कागदाचे उत्तर येवो अथवा न येवो, तो अमुक तारखेला अमुक क्रमांकाने गेला, एवढे तरी छातीठोकपणे सांगता येते. महसूल खात्यात चौतीस वर्षे काढल्याने माझी दृष्टीच तशी बनली आहे. म्हणूनच वेळासच्या किनाऱ्यावर समुद्राकडे निघालेल्या कासवाच्या पिल्लांवर साऱ्यांचे डोळे खिळलेले असताना माझे लक्ष मात्र कासवमित्राच्या हातातील वहीकडे गेले.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले, बाणकोटजवळचे गाव. नाना फडणवीसांचे हे मूळ गाव. (पेशव्यांच्या दौलतीचा हिशेब ज्याने राखला, त्याच्या गावी आज कासवांचा हिशेब राखला जातो, याची मला मौज वाटली.) येथे ऑलिव्ह रिडले जातीची कासवे हिवाळ्यात अंडी घालावयास येतात. पूर्वी ती अंडी सर्रास चोरीला जात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ साली संरक्षणाचे काम हाती घेतले आणि गावकऱ्यांनी ते आपले मानले. अंडी जाळीच्या कुंपणात हलवून तशाच खड्ड्यात पुरतात. सुमारे पन्नास-पंचावन्न दिवसांनी वाळू किंचित खचते. सकाळ-संध्याकाळ वरची टोपली उचलून पाहतात. पिल्ले वर आलेली असली की मोजून पाण्यापासून काही अंतरावर सोडतात. ते अंतर त्यांनी स्वतःच चालावयाचे असते. चार-एक सेंटिमीटरचा तो जीव. पहिली लाट त्याला मागे भिरकावते, दुसरी पुन्हा तेच करते, आणि तिसरी ओसरते तेव्हा वाळूवर कोणीच नसते. वहीत आकडा चढतो. जावक नोंद पक्की. आवकेचा रकाना कोरा.

त्या कोऱ्या रकान्याने मला पुढे बरेच दिवस अस्वस्थ केले. त्याला कारण होते. आदल्याच वर्षी आम्ही उभयता अमेरिकेत पोर्टलंडला मुलीकडे गेलो होतो. कोलंबिया नदीवरचे बॉनेव्हिल धरण तेथून तासाभराच्या वाटेवर आहे. या नदीच्या खोऱ्यात स्टीलहेड नावाचा मासा जन्मतो, पहिली काही वर्षे गोड्या पाण्यात काढतो, मग समुद्र गाठतो आणि मोठा होऊन जन्मनदीत परततो. समुद्राकडे निघालेल्या हजारो पिल्लांच्या पोटात तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी अशी काचेची कुपी सुईने बसवितात. तिला विद्युतघट लागत नाही. धरणाच्या बगलवाटेवर बसविलेल्या यंत्राजवळून पिल्लू गेले की त्याचा क्रमांक आपोआप टिपला जातो. काही वर्षांनी ते परत चढून आले तर तोच क्रमांक पुन्हा उमटतो. आवक-जावक नोंदवहीचे याहून निर्मळ रूप मी कचेरीतही पाहिले नाही! आणखी एक गोष्ट तेथे कळली. रेनबो ट्राउट आणि स्टीलहेड ही एकच जात. त्याच नदीत जन्मलेली काही पिल्ले जन्मभर नदीतच राहतात, काही समुद्राला जाऊन मिळतात. मुलीने हे मोठ्या उत्साहाने सांगितले. माझा धाकटा मुलगा हैदराबादेतच आमच्याजवळ असतो, सौ. माझ्याकडे पाहत राहिल्या. कोणी काही बोलले नाही.

कासवाच्या पिल्लाला अशी कुपी बसविली तरी ती वाचणार कोण? समुद्राला धरण नाही. उपग्रहाला संदेश देणारे यंत्र त्या पिल्लाच्या पाठीला पेलवत नाही. पिल्लू समुद्रात शिरते तेथपासून ते बरेच मोठे होईपर्यंतच्या काळाला शास्त्रज्ञांनी ‘हरवलेली वर्षे’ असे नाव दिले आहे. अमेरिकेत सतरा लॉगरहेड पिल्ले काही महिने वाढवून त्यांच्या पाठीवर सूर्यप्रकाशावर चालणारी इवली यंत्रे चिकटविली आणि अटलांटिकमध्ये सोडली. २०१४ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पण पिल्लू वाढले की पाठीवरचे यंत्र सुटून पडते. वेळासहून अगदी पहिल्या वर्षांत गेलेल्या माद्या एव्हाना वयात येऊन त्याच किनाऱ्यावर अंडी घालून गेल्याही असतील. खूण नसल्याने त्यांना ओळखणार कसे?

म्हणून आपल्याकडे आईच्या पाठीवर यंत्र चढविले. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि महाराष्ट्राचे कांदळवन प्रतिष्ठान यांनी जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीला पहिले यंत्र लावले. तिचे नाव ‘प्रथमा’. मग सावनी, लक्ष्मी, वनश्री, रेवा आल्या. २०२३ च्या फेब्रुवारीत गुहागरला ‘गुहा’ आणि ‘बागेश्री’. कासव श्वासासाठी वर आले की उपग्रहाला संदेश जातो. बागेश्री दक्षिणेकडे निघाली, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. पश्चिम किनाऱ्याची कासवे आणि पूर्व किनाऱ्याची कासवे वेगवेगळी, असा समज तोवर होता. तिने तो हलविला.

आणि २७ जानेवारी २०२५ रोजी गुहागरच्या वाळूत एक मादी अंडी घालताना आढळली. तिच्या वल्ह्यासारख्या पायावर धातूची पट्टी होती, क्रमांक ०३२३३. ही पट्टी तिला १८ मार्च २०२१ रोजी ओडिशात, गहिरमाथ्याला, लावलेली. दोहोंमधले अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर. एकच मादी दोन्ही किनाऱ्यांवर अंडी घालते, हे एका पट्टीने सिद्ध केले.

अफझलगंजच्या ग्रंथालयात, मुसीच्या काठी बसून मी हे वृत्त वाचले आणि आजोबांची ट्रंक आठवली. आमचे मूळ घर गुहागरकडचे. आजोबा १९१० च्या सुमारास नोकरीसाठी निजामाच्या राज्यात आले आणि अफझलगंजच्या मागच्या गल्लीत त्यांनी बिऱ्हाड केले. १९१९ च्या मुलकी नियमांप्रमाणे बाहेरून आलेल्याला मुलकी ठरावयाचे तर पंधरा वर्षे वास्तव्य हवे, आणि मूळ ठिकाणी परतण्याचा विचार सोडला असे प्रतिज्ञापत्र मॅजिस्ट्रेटसमोर द्यावे लागे. आजोबांचे ते उर्दू प्रतिज्ञापत्र त्या ट्रंकेत आहे. आपल्या मंडळातल्या अनेक घरांतून असा कागद निघेल. लहानपणी मला तो अभिमानाचा वाटे. आज वाटते, परतण्याचा विचार सोडला हे लिहून देताना त्या माणसाचा हात थोडा तरी थरथरला असेल. आजोबा पुढे गुहागरला खरोखरच कधी गेले नाहीत. पण आजीचा आंब्याचा रस आटविण्याचा हंडा तिकडूनच आला होता, आणि घरातली शिवीसुद्धा कोकणीच होती.

मुलीच्या मुलीला मी फोनवर ०३२३३ ची हकीकत सांगितली. तिने विचारले, “मग आजोबा, ती कुठली? ओडिशाची की गुहागरची?” कचेरीत या प्रश्नाला एकच रकाना असतो आणि त्यात एकच नाव मावते. मी तिला म्हटले, पट्टी ओडिशाची आहे, अंडी गुहागरात आहेत. जन्म कुठला ते तिने कोणाला कळू दिलेले नाही. त्या मोसमात गुहागरच्या वाळूतून जी पिल्ले समुद्रात गेली, ती नेहमीप्रमाणे मोजून, पण क्रमांकाविनाच गेली.