चांदोलीच्या जंगलातली शाळा



'मी केलेला प्रवास' हा निबंध मी दरवर्षी सुट्टीनंतर वर्गात लिहायला देते. पंचवीस वह्यांपैकी वीस वह्यांत एक वाक्य हमखास असतं, 'आम्ही खूप मजा केली.' मी त्याखाली लाल रेघ मारते आणि बाजूला लिहिते, 'काय मजा केली ते लिही.' यंदा एका पोरानं मलाच विचारलं, "बाई, तुम्ही कधी लिहिलाय का हो हा निबंध?" खरं सांगायचं तर डीएड झाल्यापासून एकदाही नाही. म्हणून आज लिहितेय. लाल रेघा तुम्ही मारा.

मे महिन्यातली गोष्ट. माझी डीएडची मैत्रीण, आम्ही वसतिगृहात दोन वर्षं एका खोलीत काढली, तिचा फोन आला. "चांदोलीला जायचंय, येतेस का? गाडी मी चालवते." मी लगेच हो म्हटलं. कारण अगदी साधं होतं. शेकरू हा आपला राज्यप्राणी, हे मी बारा वर्षं शिकवत आले, पण शेकरू कधी पाहिला नव्हता. ताम्हण हे राज्यफूल मला शाळेच्या अंगणात दाखवता येतं, आंबा हा राज्यवृक्ष तर सगळ्यांच्या ओळखीचा. शेकरूचं मात्र चित्रच दाखवावं लागतं.

आता थोडी माहिती सांगते, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांना राष्ट्रीय उद्यान म्हटलं की ताडोबाच आठवतं. चांदोली सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत ते पसरलंय. १९८५ साली ते अभयारण्य झालं, २००४ साली राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ सुमारे ३१७ चौरस किलोमीटर. २०१० मध्ये चांदोली आणि कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटाची जी ठिकाणं जागतिक वारसा म्हणून घेतली, त्यात चांदोलीही आहे. पावसाळ्यात उद्यान बंद असतं, म्हणून आम्ही पावसाच्या आधी गाठलं.

पहाटे निघालो. शिराळ्यात चहा घेतला. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथं आहे, त्याचं दर्शन घेतलं. कोकरूड सोडलं तसा ऊस कमी होत गेला आणि डोंगर जवळ यायला लागले. चरण, आरळा ही गावं मागं पडली. मैत्रीण एरवी गाडी चालवताना अखंड बोलते, पण आरळ्यापासून ती गप्पच झाली. मी विचारलं, "काय गं, गाडी लागली की काय?"

"नाही गं," ती म्हणाली. "माझं गाव आत आहे."

मला कळेना. आत म्हणजे कुठं? तेव्हा तिनं सांगितलं. ती तिसरीत असताना त्यांचं गाव जंगलातून उठलं आणि खाली सपाटीला वसाहतीत आलं. दोन वर्षं आम्ही एका ताटात जेवलो. ती कायम 'आमच्या वसाहतीत' असं म्हणायची आणि मला वाटायचं की वसाहत हे कुठल्या तरी कॉलनीचं नाव असेल. मी कधी विचारलंच नाही. गावाचं नाव इथं लिहीत नाही, तिनंच नको म्हटलंय.

मणदूरला नाक्यावर नावं लिहून दिली, गाडीतल्या प्लास्टिकच्या पिशव्या काढून ठेवल्या आणि एक गाईड मामा मागच्या सीटवर येऊन बसले. त्यांनी पहिल्यांदाच बजावलं, "बाई, मी सांगंन तितंच उतरायचं. पान सुदिक तोडायचं न्हाई."

आधी धरणाचा जलाशय दिसला. वारणेवरचं हे मातीचं धरण, साठवण ३४.४० टीएमसी. जलाशयाला वसंत सागर म्हणतात. मे महिना असल्यामुळं पाणी खाली गेलेलं आणि काठावर लाल मातीचे पट्टे उघडे पडलेले. हेच पाणी पुढं सांगली आणि कोल्हापूर या दोन जिल्ह्यांच्या हद्दीवरून वाहत हरिपूरला कृष्णेला मिळतं. आमच्या शाळेच्या बाजूचा ऊस याच पाण्यावर उभा आहे, हे माझ्या डोक्यात तिथं पोचल्यावर आलं. नकाशा शिकवताना आलं नव्हतं.

पुढं कच्चा रस्ता. वर जांभूळ, हिरडा, अंजन यांची सावली आणि खाली कारवीची दाट झुडपं. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, आम्ही गेलो तेव्हा नुसते दांडे होते. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच. एका चढावर ती बंद पडली आणि मागं घसरायला लागली तेव्हा मी 'रामरक्षा' म्हणायला सुरुवात केली, ते मैत्रीण अजून सगळ्यांना रंगवून सांगते. मामांनी शांतपणे उतरून चाकामागं दगड लावला.

शेकरू दिसला! एका उंच झाडावर, काड्या-पानांच्या घरट्याशी, तांबूस रंगाचा, शेपूट लांबलचक. एक शेकरू अशी अनेक घरटी बांधतो, असं मामा म्हणाले. मी फोन काढेपर्यंत त्यानं या झाडावरून त्या झाडावर उडी मारली. फोटोत फक्त फांदी आलीय. वर्गात तीच दाखवते आणि सांगते, इथं शेकरू होता.

नंतर झोळंबीच्या सड्यावर गेलो. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट पठार. उन्हानं कातळ असा तापलेला की चपलेतून चटका बसत होता. तिथून सगळीकडं डोंगरच डोंगर दिसतात. या उद्यानाच्या कडेलाच प्रचितगड आहे. तिथून खाली कोकणात शृंगारपूर, म्हणजे येसूबाईंचं माहेर. चौथीला 'शिवछत्रपती' शिकवताना मी या गावांची नावं नुसती वाचून दाखवते. वरून ती दरी बघितली की बोलणंच बंद होतं.

परतीच्या वाटेवर मैत्रीण मामांना म्हणाली, "मामा, आमचं गाव वाटंवर लागतंय. दहा मिनिटं थांबू द्या." तिनं गावाचं नाव सांगितलं. मामा तिच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "कुणाची तू?" तिनं आजोबांचं नाव सांगितलं. मामा पुढं काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनीच गाडी थांबवायला सांगितली.

गाव म्हणून काही उरलेलं नाही. घाणेरी माजलीय. तिच्यात मधे मधे दगडी जोती दिसतात. एका अंगणात उखळ तसंच जमिनीत रुतलेलं, त्यात वाळलेली पानं. पायऱ्यापायऱ्यांची भाताची खाचरं ओळखू येतात, पण त्यात आता गवत आहे. आणि त्या गवतात पाच गवे चरत होते. गव्याला आपल्याकडं गवारेडा म्हणतात, पण तो म्हशीच्या नाही, गाईच्या जवळचा. पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत भरतो. अंग काळंभोर आणि चारी पायांत जणू पांढरे मोजे. एकानं मान वर करून आमच्याकडं बघितलं. मामांनी हातानंच इशारा केला, जागचं हलू नका.

मैत्रीण हळूच म्हणाली, "ते खाचर आमचं."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती हसत होती. "बघ की, कसं चरतोय," म्हणाली. "आमच्या बैलाला एवढं गवत कधी मिळालं नव्हतं." आणि मग रडली.

गवे उतारावर निघून गेल्यावर मामांनी आम्हाला चार पावलं पुढं नेलं. एक लांबट जोतं होतं, पुढं दोन पायऱ्या. ही तिची शाळा. एक खोली, पहिली ते चौथी, एकच गुरुजी. पावसाळ्यात वाट बंद व्हायची, तेव्हा गुरुजी गावातच राहायचे, आज या घरी जेवण, उद्या त्या घरी. ती वरच्या पायरीवर बसली. मी खालच्या पायरीवर. मी ज्या शाळेत शिकवते तिथं संगणक आहे, टीव्ही आहे, तरी त्या दोन दगडांवर बसून मला आपण शाळेत आहोत असं वाटलं. का, ते नीट सांगता येत नाही.

तिथं तिनं मला दाखल्याची गोष्ट सांगितली. शिक्षक बंधू-भगिनींनो, ही खास तुमच्यासाठी. तिचा तिसरीचा शाळा सोडल्याचा दाखला तिनं जपून ठेवलाय. त्यात 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात लिहिलंय, 'पालकांच्या विनंतीवरून'.

"माझ्या आबांनी कुणाला विनंती केली असंल गं?" ती म्हणाली.

मी काय उत्तर देणार? मी स्वतः दरवर्षी तेच लिहिते. ऊसतोडीला गेलेलं पोर असो, वीटभट्टीवरचं असो, नाहीतर बापानं कर्जापायी घर विकलेलं असो, त्या रकान्यात माझा पेन आपोआप 'पालकांच्या विनंतीवरून' असं लिहून मोकळा होतो. तसं शिकवलंय, तसंच चालत आलंय. वन्यजीव संरक्षणाचा पाठ शिकवतानाही मी फळ्यावर व्याघ्र प्रकल्पांची यादी लिहिते, पोरं पाठ करतात, एक मार्क मिळतो. जंगल राखायला हवं, याबद्दल माझं दुमत नाही. ते गवे त्या खाचरात बघितल्यावर तर नाहीच. मैत्रिणीचंही नाही, तिनं तसं स्पष्ट सांगितलं. पण माझ्या फळ्यावरच्या यादीत ती कुठंच नव्हती.

निघताना तिला फणसाचं झाड शोधायचं होतं. आबांनी बजावून सांगितलं होतं, "घरामागच्या फणसाला फणस लागत्यात का बघून ये." घराच्या जोत्यामागं एक मोठा फणस सापडला. बुंध्याला खाली चार-पाच फणस लगडलेले, दोन फोडून खाल्लेले. वानरांनी की अस्वलानं, त्यावर मामांचं आणि आमचं एकमत झालं नाही. आठळ्या खाली पडल्या होत्या. तिनं एक उचलली, मामांकडं बघितलं आणि पुन्हा खाली ठेवली. फोटो तेवढे भरपूर काढले.

संध्याकाळी थेट वसाहतीत गेलो. आबा बाजेवर बसले होते. गुडघे गेल्यामुळं त्यांना फार चालता येत नाही. लेकीनं फोन पुढं धरला, "आबा, बघा तुमचा फणस. लागल्यात."

आबांनी चष्मा पुसला, फोटो बोटानं मोठा केला, बराच वेळ बघितला.

"न्हाई," ते म्हणाले, "ह्यो आपला न्हवं. ह्यो चुलत्याचा. आपला त्याच्या वरल्या अंगाला, विहिरीपाशी. तिथवर गेलाच न्हाईसा तुमी." फोन परत देत त्यांनी विचारलं, "पुन्यांदा कवा जाताय? गाडीत एक मानूस बसंल का?"