हिप्पोकॅम्पसमधील लहरी आणि स्मृती

मेंदूच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या आतल्या अंगाला खोलवर, हिप्पोकॅम्पस हा वळलेला पट्टा असतो. घडलेला प्रसंग किंवा पाहिलेली जागा यांची नोंद प्रथम इथे बांधली जाते. १९५३मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन यांच्यावर अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि दोन्हीकडच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. त्यांची बुद्धी आणि बोलणे शाबूत राहिले, पण नवा प्रसंग काही मिनिटांपलीकडे टिकेना. आरशात पाहून आकृती गिरवणे मात्र ते सरावाने शिकले. हाताचे कौशल्य आणि प्रसंगांची आठवण मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी सांभाळली जातात, हे ब्रेंडा मिल्नर यांच्या अभ्यासातून त्यामुळे स्पष्ट झाले.

१९७१मध्ये जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्हस्की यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ठरावीक जागीच चेतणाऱ्या पेशी आढळल्या. पुढे माणसांतही त्या दिसल्या. गोंडपिपरी तालुक्यातल्या जंगलात मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहफुले वेचायला निघालेल्या बाईच्या मेंदूत नाल्यापाशी एक पेशीसमूह चेततो, मोहाच्या झाडापाशी दुसरा. प्रश्न उरतो तो या जागा क्रमाने जोडल्या कशा जातात हा. त्याचे उत्तर लहरींत आहे.

उंदीर चालू लागला की हिप्पोकॅम्पसमधल्या असंख्य चेतापेशींची विद्युत्-पातळी एकत्र वरखाली होते. सेकंदाला साधारण ६ ते १० आवर्तनांची ही थीटा लहर. तिची गती राखण्यात मेंदूच्या मध्यभागातील सेप्टम या भागाचा मोठा वाटा असतो. जोनाथन विन्सन यांनी १९७८मध्ये सेप्टमला इजा करून थीटा नाहीशी केली, तेव्हा उंदरांना शिकलेल्या जागा आठवेनात. माणसातली थीटा बरीचशी याहून मंद असते आणि तुकड्यातुकड्यांनी उमटते.

लहरीचे काम वेळेचे आहे. दोन पेशींतला जोड बळकट व्हायचा तर त्या सेकंदाच्या फार तर काही शतांश भागांच्या अंतराने चेताव्या लागतात. नाला ते झाड ही चाल मात्र काही मिनिटांची. ओकीफ आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने १९९३मध्ये दाखवले, की उंदीर एखाद्या जागेतून पुढे सरकतो तसतशी त्या जागेची पेशी थीटाच्या आवर्तनात अधिकाधिक आधी चेतते. त्यामुळे मागची, आताची आणि पुढची जागा एकाच आवर्तनात, म्हणजे सुमारे सेकंदाच्या आठव्या भागात, क्रमाने येतात. इतक्या जवळ आल्यावर जोड पक्का होऊ शकतो. शिवाय आवर्तनाच्या माथ्यावर दिलेली चेतना जोड वाढवते आणि तळाशी दिलेली तो कमी करते, असेही प्रयोगांत दिसले आहे.

चाल थांबली किंवा गाढ झोप लागली, की थीटा ओसरते आणि रिपल उमटतात. उंदरात सेकंदाला १५० ते २५० आवर्तनांचा हा झटका सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत-बाहेर संपतो. तेवढ्यात जागेपणी चाललेला क्रम अनेकपट वेगाने पुन्हा चेततो. जागेपणी एकत्र चेतलेल्या पेशी झोपेत पुन्हा एकत्र चेततात, हे मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी १९९४मध्ये नोंदवले होते.

या लहरी स्मृती घडवतात की स्मृती घडत असताना नुसत्या उमटतात, हा या विषयातला सर्वांत मोलाचा वाद आहे. सोबत दिसणे म्हणजे कारण असणे नव्हे. म्हणूनच लहर मोडून पाहावी लागते. २००९मध्ये गॅब्रिएल जिरार्दो आणि सहकाऱ्यांनी शिकल्यानंतरच्या झोपेतले रिपल उमटताक्षणी विजेच्या सूक्ष्म धक्क्याने मोडले. त्या उंदरांचे शिकणे मंदावले. २०१२मध्ये शंतनू जाधव, लॉरेन फ्रँक आणि सहकाऱ्यांनी हेच जागेपणी केले. इंग्रजी डब्ल्यूच्या आकाराच्या मार्गावर मधल्या वाटेवर परतणे उंदीर शिकले, पण मागच्या खेपेला कोणत्या बाजूला गेलो होतो हे लक्षात ठेवून पुढची बाजू निवडणे त्यांना जमेना. २०१९मध्ये अंतोनिओ फर्नांडेझ-रुइझ यांच्या गटाने उलट प्रयोग केला. रिपल लांबवले, तर स्मृती सुधारली. रिपलबाबत वाद इथे बराचसा मिटतो.

थीटाबाबत तो मिटत नाही. मोहाच्या फुलाफळांवर येणारी फळभक्षी वटवाघळे गोंडपिपरीत नवी नाहीत. त्यांच्याच कुळातल्या इजिप्शियन वटवाघळांत जागेचा नकाशा सांभाळणाऱ्या पेशी सलग थीटाशिवाय काम करतात, हे इस्रायलच्या वाइझमन संस्थेत २०११मध्ये आढळले. त्याच संस्थेच्या २०१८च्या अभ्यासात मात्र या पेशी विद्युत्-पातळीच्या अनियमित चढउतारांशीही वेळ जुळवून चेतताना दिसल्या. यातून निघणारा निष्कर्ष असा: समान अंतराची लय अनिवार्य नाही, पेशींनी एकमेकींची वेळ सांभाळणे महत्त्वाचे.

या कष्टसाध्य ज्ञानाचा बाजारात होणारा विपर्यास खेदजनक आहे. हिप्पोकॅम्पस खोलवर असल्याने मेंदूच्या लहरी टिपण्यासाठी कपाळावर टेकवलेल्या पट्टीला त्याचे रिपल कळत नाहीत. ठरावीक सूर ऐकवून पाठांतर वाढवण्याच्या दाव्यांना या प्रयोगांचा आधार नाही. डोळे बांधून वाचायला शिकवणाऱ्या ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चा तर इथे संबंधच नाही, मिडब्रेन हा निराळा भाग आहे आणि दृष्टीवाचून वाचन त्यानेही होत नाही.

शिक्षणाला या संशोधनातून मिळणारी गोष्ट साधी आणि फुकट आहे. दिवसा शिकलेला धडा झोपेत पुन्हा चेततो, म्हणून झोप हा अभ्यासाचाच भाग आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारा विद्यार्थी धडा वाचतो, पण तो पक्का होण्याची वेळ स्वतःच कापतो. आश्रमशाळा असो की शहरातली शिकवणी, वेळापत्रक आखताना पुरेशी झोप आणि दोन धड्यांमधला विसावा यांना पाठांतराइतकेच स्थान द्यायला हवे.