बिळातला उंदीर आणि आपली हाडं

गंगापूरच्या उन्हात ‘ड’ जीवनसत्त्व कमी कसं पडेल, असं मीही समजत होतो. माझी आई दिवसभर घरातच असायची. मी तिला दोन वर्षं कॅल्शियमची गोळी दिली, पण ‘ड’ची तपासणी केली नाही. एके दिवशी ती न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. तपासलं, तर ‘ड’ अगदी कमी.

पुढे वाचनात पूर्व आफ्रिकेतला नेकेड मोल-रॅट आला. हा बिनकेसाचा उंदीर जन्मभर जमिनीखाली राहतो. ऊन नाही, रक्तात ‘ड’ जवळजवळ नाही, तरी हाडं ठणठणीत! त्याचं आतडं कंदमुळांतलं कॅल्शियम ‘ड’च्या मदतीशिवायच भरपूर शोषतं. जास्तीचं कॅल्शियम सतत वाढणाऱ्या दातांत जातं आणि माती कुरतडताना ते दात झिजतात.

तुमचं-माझं आतडं तसं नाही. ‘ड’ नसेल तर अन्नातलं जेमतेम १० ते १५ टक्के कॅल्शियम शोषलं जातं, पुरेसं असेल तर ३० ते ४० टक्के. मग रक्तातली पातळी राखायला शरीर हाडांतूनच कॅल्शियम काढतं.

म्हणून दूध, नाचणी, तीळ खाच. पण दहानंतरचं ऊनही थोडा वेळ हातापायांवर घ्या. काचेआडचं ऊन चालत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांची ‘ड’ची तपासणी डॉक्टरांना विचारून करा. ‘ड’ची औषधं मनानं घेऊ नका, जास्त झाली तर अपाय होतो.

आई आता काठी घेऊन चालते. तिची खुर्ची मी रोज अंगणात ठेवतो.