दर्ज संख्या आणि काम करणारे हात



माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी लिहिताना चूक झाली तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

पहिलीचा दाखला घेताना मी पालकांना विचारते, "याआधी मूल कुठे जात होते?" बहुतेक जण सांगतात, "नाव अंगणवाडीत होते." नाव होते, पण मूल रोज जात होते का, हा दुसरा प्रश्न. काही घरांत एकाच मुलाचे नाव अंगणवाडीतही असते आणि खाजगी नर्सरीतही. त्यामुळे दर्ज संख्या भरलेली दिसते आणि सतरंजी रिकामी राहते.

अंगणवाडीची कल्पना आपल्याच मराठी माणसांनी रुजवली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे काम सुरू केले, पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडला गेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, असा त्यांचा साधा विचार होता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना ३३ विकासखंडांत सुरू केली. आज अंगणवाडी गावोगाव आहे.

परंतु तिथे हात किती? एक कार्यकर्ती आणि एक सहायिका. पोषण आहार, लसीकरणाला मदत, गर्भवती व स्तनदा मातांच्या भेटी, वजन-उंचीची नोंद, २०२१ पासून मोबाईलवर पोषण ट्रॅकर, आणि याच्यासोबत ३ ते ६ वर्षांच्या मुलांचे शिक्षण. कार्यकर्ती सर्वेक्षणाला गेली की मुले सहायिकेकडे, आणि तिचे लक्ष चुलीकडे. पगारही नाही, मानदेय मिळते. या भगिनींना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हेसुद्धा सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले.

आमच्या प्राथमिक शाळेसाठी कायदा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. पण तो कायदा ६ ते १४ वयासाठी आहे. त्याहून लहानांसाठी सरकारने व्यवस्था "करू शकते" एवढेच त्यात म्हटले आहे. आता २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पहिलीचे वय ६ वर्षे धरले आहे. म्हणजे त्याआधीची तीन वर्षे मूल कोणाच्या हाती राहते, हे पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचे झाले.

आपल्या बालाघाटात हा प्रश्न भाषेचाही आहे. घरी मराठी, पोवारी किंवा गोंडी बोलणारे मूल पहिलीत एकदम हिंदी पुस्तकासमोर बसते. अंगणवाडीत त्याच गावची बाई त्याच्या बोलीत गोष्ट सांगते, गाणे म्हणते, मग हिंदीकडे नेते. महागड्या नर्सरीत ही सोय सहसा नसते.

म्हणून समाजातील बंधू-भगिनींना माझी विनंती आहे. नाव लिहिले असेल तर मुलाला रोज पाठवा. पाठवायचे नसेल तर नाव कमी करून घ्या, म्हणजे खरी संख्या कळेल. आणि ग्रामसभेत रस्ता-नालीसोबत हेही विचारा की आमच्या अंगणवाडीत पद रिकामे आहे का, आणि असेल तर केव्हा भरणार.

सेवानिवृत्त शिक्षिकांनी आठवड्यातून एक तास तिथे गोष्ट सांगायला जावे. पण त्या तासाने रिकामे पद भरत नाही, हेही लक्षात ठेवावे. ते मागावेच लागेल.

आपली,
प्राचार्या