प्रवाशाचे ताट

श्रावणातला सोमवार होता. बीड जिल्ह्यातील परळी हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक स्थान म्हणून महाराष्ट्रात मानले गेलेले क्षेत्र. अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेल्या वैजनाथाच्या मंदिराच्या रुंद पायऱ्यांवर पहाटेपासूनच यात्रेकरूंची रीघ लागली होती. कोणी परभणीच्या गाडीने आले होते, कोणी बिदर-विकाराबादकडून, कोणी एस. टी.ने, तर कोणी पायी. भाषा निरनिराळ्या, पेहराव निरनिराळे. पण दर्शन आटोपून पायऱ्या उतरताच सर्वांना एकाच गोष्टीची आठवण होई. ती म्हणजे भूक!

प्रवाशांची ही भूक भागवण्यासाठी यात्रेच्या गावी लहान लहान उपाहारगृहे असतात. अशाच एका उपाहारगृहात धारूरजवळच्या खेड्यातून आलेली एक आजी व तिचा बारा वर्षांचा नातू येऊन बसले. वर पत्र्याचे छप्पर, खाली चार लाकडी बाके आणि भिंतीवर पदार्थांची पाटी. त्या पाटीवर साऱ्या दिशा गुण्यागोविंदाने नांदत होत्या. पोहे होते, इडली होती, पुरी-भाजी होती. आणि अगदी तळाशी लाल खडूने लिहिले होते, 'शेजवान डोसा'.

नातवाची नजर त्या लाल अक्षरांवर खिळली.

"आजी, मला ते हवं," तो म्हणाला.

आजीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कुठल्या परमुलखाचं खाणं ते! देवाच्या दारी येऊन असलं काही खाऊ नये, लेकरा. मी बघ, साबुदाण्याची खिचडी घेते. कसं आपलं शुद्ध, उपासाचं अन्न!"

समोरच्या बाकावर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शिकणारा एक तरुण चहा घेत होता. हे बोलणे ऐकून त्याला हसू आवरेना.

"आजी, रागावणार नसलात तर एक सांगू?"

"सांग की, बाबा."

"तुमच्या खिचडीइतका लांबचा प्रवास करून आलेला पदार्थ या पाटीवर दुसरा नसेल! आज आपल्याकडे ज्या कंदापासून साबुदाणा करतात, तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. भुईमूगही तिकडचाच. बटाटा पेरू देशाच्या उंच डोंगरांतला. त्याचं नावदेखील पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आलं. राहिली हिरवी मिरची. तीही अमेरिका खंडातलीच. 1492 साली कोलंबस तिकडे पोचला, 1498 साली वास्को द गामा कालिकतला उतरला आणि 1510 साली पोर्तुगिजांनी गोवा घेतला. त्यानंतरच्या काळात ही सारी मंडळी जहाजांत बसून हळूहळू आपल्याकडे आली. शिवछत्रपतींच्या जन्माच्या दोनशे वर्षं आधी या मुलखात कोणी मिरचीचा ठेचा खाल्ला नव्हता!"

आजी क्षणभर थक्क झाली. मग काहीशा काळजीने तिने विचारले, "म्हणजे माझा उपास मोडला का रे?"

"मुळीच नाही, आजी! तुम्ही श्रद्धेनं धरलेला उपास कंदाच्या जन्मगावामुळे कसा मोडेल?"

नातवाचे कुतूहल आता जागे झाले होते. "आणि माझा डोसा?" त्याने विचारले.

"डोसा दक्षिण हिंदुस्थानातला. शेजवान हे चीनमधल्या एका प्रांताचं नाव. पण ही लाल चटणी काही तिथली नव्हे. कोलकात्यात येऊन राहिलेल्या चिनी कुटुंबांनी आपली पाककला इथल्या जिभेला रुचेल अशी बदलली. त्यातूनच पुढे असे पदार्थ देशभर पसरले. आणि त्या चटणीतली मिरची पुन्हा अमेरिकेचीच!"

ही गोष्ट एकट्या परळीची नव्हे. जेथे जेथे वाटसरू एकत्र येतात, तेथे तेथे चुलींवर देशोदेशीच्या चवी एकमेकींना भेटतात. थायलंडच्या बँकॉक शहरात खाओ सान नावाचा एक प्रसिद्ध रस्ता आहे. 'खाओ सान' म्हणजे कांडलेला तांदूळ; कारण एके काळी तेथे तांदळाचा मोठा बाजार भरे. आज पाठीवर पिशवी घेऊन जग पाहावयास निघालेले तरुण तेथे उतरतात आणि रस्त्याकडेच्या दुकानांत जेवतात. 'पॅड थाय' नावाचा जो पदार्थ ते आवडीने खातात, त्यातील शेवयांची कला चीनची, दाण्यांचा कूट अमेरिकेतील भुईमुगाचा आणि आंबटपणा चिंचेचा. तरीही थायलंडचे लोक त्याला आपला राष्ट्रीय पदार्थ मानतात, आणि त्यात वावगे काहीच नाही.

आपल्या बालाघाटच्या डोंगरांतील सीताफळाचेही असेच आहे. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याचे मूळ मात्र अमेरिका खंडात आहे. आपण त्याला सीतामाईचे नाव दिले आणि ते आपल्या घरचे झाले. फार कशाला, ज्या ज्वारीच्या भाकरीवाचून मराठवाड्याचे पान हलत नाही, ती ज्वारीसुद्धा हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून येथे आली.

खिचडीचा घास घेता घेता आजी विचारात पडली. मग ती हसून म्हणाली, "यात नवल ते काय? मी तरी या गावची कुठं होते? सून होऊन आले, नि आता घर माझ्यावाचून चालत नाही. ही मिरचीही तशीच आली म्हणायची!"

सारे हसले. आजी मात्र एकाएकी गंभीर झाली. तिचा हात ताटातच थांबला.

"मी तुझ्याएवढी होते तेव्हाची गोष्ट," ती नातवाला म्हणाली. "बाजारच्या दिवशी चहाच्या दुकानात आम्ही आत बसायचो. माझी एक मैत्रीण होती. शेतात आम्ही दोघी बरोबर खुरपायचो. तिला मात्र बाहेर उभं करायचे. तिच्या वस्तीतल्या लोकांसाठी कान तुटलेली वेगळी कपबशी वळचणीला ठेवलेली असायची. मी आतून बघत राहिले, बोलले काहीच नाही. ते अजून मनाला लागतं, लेकरा."

बाकावर शांतता पसरली. 26 जानेवारी 1950 रोजी अंमलात आलेल्या आपल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने, जात, धर्म, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणालाही उपाहारगृहात येण्यास आडकाठी करता येणार नाही, असे स्पष्ट सांगितले. 1955 साली तसा कायदाही झाला. परंतु कागदावरचा शब्द गावातल्या बाकापर्यंत पोचण्यास फार वेळ लागला. केवढे हे आश्चर्य! साता समुद्रांपलीकडच्या मिरचीला आपण थेट चुलीपाशी नेले, देवाच्या उपवासालाही चालवून घेतले; आणि त्याच गावच्या, त्याच मातीत राबणाऱ्या माणसाला मात्र उंबऱ्याबाहेर उभे केले!

इतक्यात दाराशी एक मजूर आपल्या लहान मुलीचा हात धरून उभा राहिला. दोघांचे पाय धुळीने माखले होते. दुकान भरून गेले होते. जागा शोधीत त्याची नजर भिरभिरत होती. तो परत वळणार, तोच आजीने आपले बोचके बाकावरून उचलून मांडीवर घेतले.

"या, बाबा, इकडं या. पोरीला भूक लागली असंल," ती म्हणाली, आणि नातवाकडे वळून म्हणाली, "सरक जरा."

नातू सरकला. ती मुलगी त्याच्या शेजारी येऊन बसली आणि त्याच्या ताटातल्या लालभडक डोशाकडे कुतूहलाने पाहू लागली. त्याने एक तुकडा मोडला आणि ताट तिच्या पुढे केले.