आमचंच सोयाबीन, कॅप्सूलमधून

२०२४ ची दिवाळी नुकतीच झाली होती. औशाकडचे एक काका नेहमीच्या तपासणीला आले. वय बासष्ट, दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला. त्यांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, सत्तरच्या आत असायचं. या वेळी रिपोर्टवर १४६!

"काका, रात्रीची गोळी चालू आहे ना?"

काकांनी उत्तर दिलं नाही. पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. '१०० टक्के नैसर्गिक, वनस्पतीजन्य लेसिथिन.' पुण्याच्या सुनेने काळजीपोटी ऑनलाइन मागवलेली. १२०० मिलिग्रॅमच्या ६० कॅप्सूल, किंमत ९०० रुपये, रोज दोन घ्यायच्या. लेसिथिन तेल पाण्यात विरघळवतं, तसंच नसांमधली चरबीही विरघळवतं, असं कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं होतं. म्हणून स्टॅटिनची गोळी तीन महिन्यांपूर्वीच बंद.

खरं सांगतो, यात अर्धी चूक माझी. मागच्या भेटीत मी "औषधं घेताय ना?" एवढंच विचारलं होतं. "औषधांशिवाय आणखी काय घेता?" हे विचारलंच नाही.

आता हे लेसिथिन काय आहे ते समजून घ्या, कारण ते तुमच्याही घरात आहे. बिस्किट, चॉकलेट किंवा आइस्क्रीमच्या वेष्टनावर बारीक अक्षरात 'आयएनएस ३२२' दिसलं, तर ते हेच. याच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. म्हणून एरवी वेगळे होणारे तेल-पाणी एकजीव राहतात. अशा पदार्थाला इमल्सिफायर म्हणतात. गोब्ले नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ते अंड्याच्या बलकातून वेगळं केलं. नावही बलकाच्या ग्रीक शब्दावरून आलंय. (शाकाहारी वाचक हा प्रश्न हमखास विचारतात: पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर ते अंड्यातलं नाही.)

आज बाजारातलं बहुतेक लेसिथिन सोयाबीनचं असतं, कारण ते तेल कारखान्यात आपोआप हाती लागतं. कच्च्या सोयाबीन तेलात दोन-तीन टक्के चिकट भाग असतो. तो ठेवला तर तेल गढूळ होतं, खाली गाळ बसतो. म्हणून तेलात थोडं गरम पाणी मिसळतात, चिकट भाग फुगतो, यंत्रात फिरवून तो वेगळा काढतात आणि वाळवतात. झालं लेसिथिन. आपल्याकडे जनुक बदललेल्या सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही, त्यामुळे भारतीय लेसिथिनला युरोपात मागणी आहे. सोया नको असलेल्यांसाठी सूर्यफुलाचं मिळतं. त्याचा मोठा पुरवठा युक्रेनच्या बाजूचा, २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं आणि तो विस्कळीत झाला.

'नैसर्गिक' शब्दाला भाव येण्यामागे कारणही आहे. पॉलिसॉर्बेट-८० सारख्या कृत्रिम इमल्सिफायरमुळे उंदरांच्या आतड्याला सूज येते, असं २०१५ मध्ये एका संशोधनात दिसलं. तेव्हापासून कंपन्यांना वेष्टनावर ओळखीचं, वनस्पतीजन्य काहीतरी हवं असतं. लेसिथिन सुरक्षित आहेच. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये फेरतपासणी करून त्याला रोजच्या मर्यादेचा आकडा ठरवण्याची गरज नाही असं म्हटलं. सोयाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी मात्र वेष्टनावरची अ‍ॅलर्जीची सूचना वाचावी आणि डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांनी बिस्किटातल्या लेसिथिनला घाबरू नये. घाबरायचंच तर मैद्याला आणि साखरेला घाबरा.

पण सुरक्षित म्हणजे औषध नव्हे. गिळलेलं लेसिथिन तसंच्या तसं रक्तवाहिनीत जात नाही, आतड्यातले पाचकरस ते तोडतात. शिवाय तुमचं यकृत पित्तातून रोज दहा ग्रॅम किंवा त्याहून जास्त लेसिथिन आतड्यात सोडतच असतं, फुकट. काकांच्या दोन कॅप्सूल म्हणजे अडीच ग्रॅमसुद्धा नाहीत. स्टॅटिनने हृदयविकाराचे झटके कमी होतात हे हजारो रुग्णांवरच्या अभ्यासांतून सिद्ध झालंय. लेसिथिनच्या बाबतीत असा पुरावा नाही.

हे सगळं काकांना सांगितलं, पण ते काही पटल्यासारखे दिसेनात. मग मी कागद घेतला. एक क्विंटल सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल, त्यातून सुमारे अर्धा किलो लेसिथिन. एका बाटलीत ७२ ग्रॅम. म्हणजे क्विंटलमागे सात बाटल्या, ६,३०० रुपयांच्या. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात तेवढाही मिळत नव्हता. कॅप्सूल, बाटली, जाहिरात यांचा खर्च धरला तरी हिशेब डोळ्यात भरणारा होता.

काका कागदाकडे बघत राहिले. "साहेब, आमचंच सोयाबीन आम्हालाच इकत दिलं की हो!"

गोळी त्याच रात्री सुरू झाली. तीन महिने सुदैवाने काही न होता गेले होते. स्टेंट असलेल्या प्रत्येकाचं तसं होत नाही. तुमच्या घरातही अशी बाटली असेल तर पुढच्या भेटीला बरोबर आणा, लपवू नका, मी रागावणार नाही. आणि गोळी परस्पर बंद करू नका.

दोन महिन्यांनी काकांचं एलडीएल ७१ वर आलं. रिपोर्ट घडी करून खिशात ठेवता ठेवता ते म्हणाले, "सून विचारतीय, ओमेगा-थ्रीच्या कॅप्सूल चालतील का?"